चंद्रीच्या जागी कोण

४ ऑगस्ट, रवि.
चंद्री आज शेताच्या हेजपाशी, म्हणजे झुडपांच्या कुंपणाशी, नुसती बसली. वीस पावलांवर ससा चरत होता आणि ही बाई माझ्या तोंडाकडे बघत होती, जाऊ की नको. मागचा डावा पाय आता उचलूनच धरते. कुत्री बारा वर्षांची झाली. म्हटलं, राहू दे. ससा निवांत चरत राहिला. त्या सशाचा मला इतका राग आला की काय सांगू.

अ‍ॅलन ट्रॅक्टरवरून बघत होता. शेत त्याचं, ससे त्याचे, परवानगी त्याची. खाली उतरून त्याने चंद्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सिस्टर, सप्टेंबरच्या मध्यावर बार्ली पेरतोय. उगवली की हे सगळं खाऊन टाकतील. दुसरं कुत्रं बघ, नाहीतर मला माझ्या मेव्हण्याच्या पोरांना बंदुका घेऊन बोलवावं लागेल." ती पोरं मला माहीत आहेत. हातात बिअर असली की गोगलगाईवरही नेम धरतील.
त्याच्या गेटची किल्ली माझ्याकडे असते, तिचं काही बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

६ ऑगस्ट
किल्ली खुंटीवर आहे. सकाळपासून चारदा बघितली.
तीस वर्षं साउथहॅम्प्टनच्या ऑपरेशन थिएटरात नर्स होते, भूल दिलेली माणसं माझ्या ताब्यात दिली लोकांनी. पण आपल्या जमिनीच्या गेटची किल्ली कुणी दिली नव्हती. अ‍ॅलनने तीन वर्षं माझं काम बघितलं आणि एके दिवशी हातात ठेवली. तेव्हापासून आठवड्यातून तीन सकाळी मी तिथे. हे गेले त्या वर्षी चंद्री आली, त्यानंतर हे शेत. बाकी माझ्याकडे काय आहे? पेन्शन आणि गुडघे.
कुत्रं मिळालंच पाहिजे.

११ ऑगस्ट, रवि.
कंट्री शोला गेले. लर्चर कुत्र्यांची स्पर्धेची रिंग बघितली. लर्चर म्हणजे अर्धं अंग पळणाऱ्या जातीचं आणि अर्धं डोकं कामाच्या जातीचं, संपली व्याख्या. पण हे लोक त्याची गोत्रं मांडून बसतात. दोन मिश्या आणि एक टोपी यांच्यात पाऊण ग्रेहाउंड की पाच अष्टमांश यावर पंचवीस मिनिटं वाद चालला. तेवढ्या वेळात चंद्रीने तीन ससे आणले असते.
पहिला नंबर आलेल्या कुत्रीच्या मालकाला विचारलं, हिने कधी काही धरलंय का. म्हणाला, हिला चिखल आवडत नाही.

मग कीथ भेटला. कीथ ब्रीडर आहे, कुत्र्यांची पैदास करून विकतो. ओळख नव्हती, ओळखीची गरजही नव्हती, तरी भेटला. खिशातून वही काढली आणि सात पिढ्यांची नावं वाचून दाखवली. "ब्लडलाइन, लव्ह. इट्स ऑल ब्लड." हे वाक्य मी उदगीरच्या बाजूला लहानपणी मराठीतून ऐकलेलं आहे. बोलणारे बरे कपडे घालायचे, एवढाच फरक.
तरी फोन नंबर घेऊन आले.

१४ ऑगस्ट
कॅलेंडरच्या मागे तक्ता केला. वेग, दम, अक्कल, केस, पाय, मऊ तोंड (धरलेलं न चावता आणतं का), ऐकतं का. सात रकाने.

कॉली-ग्रेहाउंड: हुशार. जरा जास्तच. काम सांगितलं की आधी कारण विचारेल. माझी थोरली जाऊ अशीच.
बेडलिंग्टन-व्हिपेट: लहान शेतं, दाट हेज, काटे, यासाठी उत्तम म्हणतात. दिसायला मेंढी. मी या वयात मेंढी घेऊन फिरणार नाही.
बुल-क्रॉस: डोकं दगडाचं. कीथसारखं.
सलुकी-ग्रेहाउंड: मोकळ्या रानाचं कुत्रं. दम अफाट. ऐकण्याच्या नावाने शंख.

इथे फोटो बघितला आणि पेन थांबलं. बारीक कंबर, खोल छाती, लांब तोंड. थेट आमच्याकडचं कारवानी शिकारी कुत्रं. दादा, माझे वडील, गावच्या मालकाची कारवानी कुत्री सांभाळायचे. भाकरी घालायचे, मालिश करायचे, रानात पळवायचे. शिकवायचे दादा, मिशीला पीळ द्यायचा मालक. दादांनी एकदा एक पिल्लू मागितलं होतं. मालक म्हणाला, हे रक्त तुमच्या वस्तीत जायचं नाही.
अ‍ॅलनची शेतं लहान आहेत, हेज दाट आहेत. तक्ता सरळ सरळ मेंढीकडे बोट दाखवतोय. तक्त्याला काय कळतंय.

१७ ऑगस्ट, शनि.
प्राची आली ब्रिस्टलहून, सोबत नवीन कुत्री. रेस्क्यूमधून घेतली म्हणे. विमानाचे पंख डिझाइन करते माझी मुलगी आणि हे ध्यान निवडून आणते. रंग धुतलेल्या फडक्याचा, केस सगळीकडे, एक कान वर एक खाली. दारात ठेवली तर लोक पाय पुसतील. मी तसंच म्हटलं. प्रा. म्हणाली, "आई, दॅट्स सो मीन. तो खूप गोड कुत्री आहे."
"काय आहे हिच्यात?" मी विचारलं.
"कागदावर फक्त क्रॉसब्रीड लिहिलंय."
म्हणजे कुणालाच माहीत नाही.
प्रा.ने तिचं नाव पर्सी ठेवलंय. मी पुसणी म्हणते. आणि ती मी हाक मारली की येते, प्रा.ने मारली की नाही.

१८ ऑगस्ट
सकाळी शेतावर. प्रा. हौसेने आली, ससे मारायचे नाहीत या अटीवर. ती व्हेगन आहे. चंद्री लंगडत हेजच्या कडेने चालली, मागे पुसणी, दोरीला बांधलेली. चंद्री थांबली की ही थांबायची. चंद्रीने नाक वर केलं की हिचंही वर. नकलाकार आहे नुसती.

२५ ऑगस्ट
मराठी मंडळींचं बार्बेक्यू. प्रा.च्या मैत्रिणीच्या आग्रहाखातर प्रा. आणि मी गेलो. नवीन आलेल्या एका डॉक्टरची बायको, हातात पनीरची काडी. "तुमचं नाव काय, काकू?" सुनंदा. "नाही, पूर्ण नाव?" सुनंदाच. "नाही हो, आडनाव?" मी नेहमीचं सांगितलं, आडनाव लावत नाही. ती हसली, मान हलवली, आणि मग विचारलं, मूळच्या कुठल्या. सात समुद्र ओलांडून आल्या, पण बरोबर चाळणी आणायला विसरल्या नाहीत. पाच मिनिटांनी ती दुसऱ्या टेबलावर होती.
घरी येऊन कीथला फोन केला. सलुकी-ग्रेहाउंड, चौदा महिन्यांचा, तयार केलेला आहे का विचारलं. आई कोण, बाप कोण, बापाचा बाप कोण, सगळं विचारून घेतलं.

१ सप्टेंबर, रवि.
आणला. नाव राजा. गाडीत मागे बसला होता आणि आरशात त्याचं तोंड दिसत होतं. दोनदा लेन चुकले.
कीथच्या शेडमध्ये आणखी एक उभा होता, राखाडी, बुटका, कुरळा. कीथ म्हणाला, तुझ्या शेतांना खरं तर हा बरा. ब्रीडरला धंद्याची अक्कल नाही म्हणतात ती अशी. मी त्याच्याकडे बघितलंही नाही. राजाचे आईबाप कामाला कसे आहेत, प्रत्यक्ष दाखव, हेही म्हटलं नाही. वही दाखवली त्याने, मी वही वाचली.
दादा, घ्या. रक्त आलं वस्तीत.

१४ सप्टेंबर, शनि.
कापणी झालेल्या मोठ्या वावरात राजाला सोडला. ससा उठला आणि राजा नुसता लांब झाला. असं पळणं मी पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, लिहायला लाज नाही. अ‍ॅलनसुद्धा "ब्लडी हेल" म्हणाला.
ससा धरला. आणून दिला नाही. पलीकडे जाऊन बसला आणि मी जवळ गेले की उठून आणखी वीस पावलं पुढे. चाळीस मिनिटं. शेवटी अर्धा खाल्ला. शिकेल.

२१ सप्टें.
हेजच्या आत जायला तयार नाही. काट्याने नाक खरचटलं तर घरी येईपर्यंत कण्हत होता. चंद्री त्याच्याकडे ज्या नजरेने बघते तशी मी नवीन रजिस्ट्रार डॉक्टरकडे बघायचे.
प्रा. आली होती. पुसणी हेजमध्ये घुसली, कमरेपर्यंत आत, शेपूट तेवढी बाहेर. दोरी ओढून काढली. मी प्रा.ला म्हटलं, शिस्त लाव जरा.

५ ऑक्टोबर, शनि.
झालं.
बार्ली बोटभर उगवली आहे. हेजकडच्या कडेला सशांनी पट्टाच्या पट्टा फस्त केला आहे. राजाला सोडला. बिळापाशी ससे होते तिकडे त्याने बघितलंही नाही. वावराच्या मध्ये हेअर उठला. आपल्याकडचा खरा ससा तो हेअर. दादांची कुत्री त्याच्याच मागे असायची. इथे मात्र हेअरमागे कुत्रं सोडलं तर पोलीस येतात, गाडी जप्त होते, आणि शेतकऱ्यालाही उत्तरं द्यावी लागतात. रॅबिट चालतो, हेअर नाही. हे मला माहीत होतं. राजाला सांगायचं कोणी? मी शिट्टी वाजवली, हाका मारल्या, ओरडून घसा बसला. तीन शेतं ओलांडून, रस्ता ओलांडून तो दिसेनासा झाला. दीड तासाने आला, तारेने खांदा फाटलेला. हेअर सुटला असावा.
अ‍ॅलन गेटवर उभा होता. शेजारच्या शेतकऱ्याचा फोन येऊन गेला होता. म्हणाला, "आय कान्ट हॅव दॅट, सुनंदा." आठ वर्षांत पहिल्यांदा सिस्टर म्हटलं नाही. नाव बरोबर उच्चारलं, तेच जास्त लागलं.
महिन्याच्या शेवटच्या शनिवारी किल्ली आणून दे म्हणाला.

६ ऑक्टो.
राजाला सात टाके. सोफ्यावर झोपलाय. उशी खाल्ली.

काल लिहिलं नाही ते आज लिहिते. मी आठ वर्षांची होते. मालकाच्या हिरा नावाच्या कुत्रीला गावातलं कुत्रं लागलं. पाच पिल्लं झाली, झिपरी, ठिपक्यांची, एकाचा कान वर एकाचा खाली. मालकाने दादांना पोतं दिलं आणि ओढ्याकडे बोट दाखवलं. दादा घरी आले ते कमरेपर्यंत ओले. जेवले नाहीत. मी विचारलं, पिल्लं कुठे आहेत. दादा म्हणाले, त्यांच्यात खोट होती, बाई.
त्यांना तसं वाटत नव्हतं. ते मालकाचं वाक्य होतं, फक्त त्यांच्या तोंडून आलं.
आणि मी काय केलं? सात रकाने आखले. बापाचा बाप कोण विचारलं. प्रा.ला विचारलं, काय आहे हिच्यात. मालकाला जन्मभर शिव्या घातल्या आणि त्याचीच चाळणी हातात घेऊन हिंडले. थू.

९ ऑक्टो.
कीथचा फोन. बातमी पोचलेली. "परत आण, लव्ह, त्याला गिऱ्हाईक आहे." गिऱ्हाईक कसलं ते न कळायला मी कुकुलं बाळ नाही. हेअरवर पैजा लावणारी टोळकी असतात, त्यांना हवाच आहे असा. म्हटलं, तो विकायचा नाही. कीथ म्हणाला, मग काय करणार त्याचं? सोफ्यावर झोपेल, म्हटलं.
कुत्र्याचा काय दोष. तो ज्यासाठी बनवला तेच त्याने केलं. बघून घेतलं नाही मी.

१३ ऑक्टो., रवि.
धम्मचक्र दिनासाठी कॅमडेनच्या स्मारकावर गेलो, प्रा. आणि मी. पंचशील घेताना 'पाणातिपाता वेरमणी'पाशी, जीव न घेण्याच्या व्रतापाशी, माझा आवाज दरवर्षी बारीक होतो. यंदा तर आलाच नाही. ओळखीचे एक गृहस्थ, निवृत्त इंजिनिअर, बाहेर आल्यावर म्हणाले, "ताई, अजून ससे मारता का?" म्हटलं, तुम्ही अजून कोंबडी खाता का? ते म्हणाले, ती विकत आणलेली असते.
ट्रेनमध्ये प्रा.ला सगळं सांगितलं. दादा, पोतं, ओढा. तिला हे कधीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "पर्सीला पण त्या मालकाने फेकली असती." मी हो म्हटलं.
पुढचा आठवडा ती ऑफिसच्या कामाला फ्रान्सला. पुसणी माझ्याकडे.

१७ ऑक्टो.
सकाळी अलॉटमेंटवर, माझ्या भाड्याच्या भाजीच्या तुकड्यावर, गेले कोबी बघायला. तिथेही सशांचा सुळसुळाट, एकही गड्डा अख्खा नाही. चंद्री गाडीत, राजा घरी, पुसणी सोबत, मोकळी. मी वाकून पानं काढत होते. वर बघितलं तर पुसणी थांबलेली. एक पाय उचललेला, नाक वर. मी बोलले नाही, हललेही नाही. ती पळाली नाही. शेडच्या कडेकडेने सावकाश गेली, शेवटचे चार हात झेप. आणि ससा तोंडात घेऊन सरळ माझ्याकडे आली, बसली, वर बघितलं. ससा जिवंत होता, दाताची एक खूण नाही. हातात दिला.
असं चंद्री करायची. अगदी असंच. उचललेल्या पायासकट. शेतावरच्या फेऱ्यांत मी जिला नकलाकार म्हणत होते, ती शाळेत जात होती.
चंद्रीच्या कागदावर तरी काय लिहिलं होतं? तेच एका शब्दाचं, क्रॉसब्रीड. मी विसरले होते.

ससा सोडून दिला. सवयीने मान पिरगळायला हात गेला होता. पण कुत्री प्रा.ची आहे, आणि प्रा.ला न विचारता तिच्या कुत्रीचा ससा मी मारायचा नाही असं वाटलं. पुसणीने माझ्याकडे जे काही बघितलं ते मला समजलं. उद्या कोबी खायला तो परत येईल.

२० ऑक्टो., रवि.
प्रा. परत आली. तिच्याकडे काही मागायची मला सवय नाही. कुणाकडेच नाही. दोनदा चहा केला. शेवटी सांगून टाकलं.
ती म्हणाली, "तू तिला डोअरमॅट म्हणत होतीस."
"होय."
"आणि आता ती तुला कामाला पाहिजे."
"होय."
मग म्हणाली, "तिला ते आवडतं का? की तुला आवडतं?" मी म्हटलं, तू ये आणि स्वतः बघ. एक पाय उचलून उभी राहते तेव्हा तिच्याकडे बघ, माझ्याकडे बघू नकोस. प्रा. म्हणाली, "एकदाच. मला बघवलं नाही तर शी इज कमिंग होम विथ मी आणि तू परत विचारणार नाही." कबूल केलं.
अ‍ॅलनला फोन केला. किल्ली आणते, पण अर्धा तास दे म्हटलं. "नॉट द सेम डॉग," तो म्हणाला. नाही, म्हटलं. "हेअर उठला तर?" म्हटलं, तेही बघ.

२२ ऑक्टो.
तक्ता फाडून बंबात घातला असता, पण बंब कुठला इथे. रिसायकलिंगमध्ये टाकला.

२६ ऑक्टो., शनि.
गाडीत बसून लिहितेय, पेन नीट चालत नाही थंडीने. सगळे ठरल्या वेळेच्या आधीच आलो. चंद्री मागच्या सीटवर, काचेला नाक लावून. अ‍ॅलन येताना दिसतोय, त्याच्या बुटांना नेहमीसारखी अख्ख्या शेताची माती. लिहिते नंतर.

तिथेच, वीस मिनिटांनी. प्रा. गेटपाशी उभी आहे, मी वही घ्यायच्या निमित्ताने गाडीत येऊन बसले.
अ‍ॅलनने पुसणीला वरून खालून बघितलं. कान बघितले, केस बघितले. चेहऱ्यावर तेच, जे ऑगस्टमध्ये माझ्या चेहऱ्यावर होतं. मग विचारलंच. सगळे विचारतात ते. "व्हॉट इज शी, देन? व्हॉट्स इन हर?"
मी म्हटलं, "आडनाव लावत नाही ती."
इंग्रजीतच म्हटलं. त्याला काही कळलं नाही. प्रा.ला कळलं. बार्बेक्यूला ती माझ्या शेजारीच उभी होती. तिने पुसणीच्या गळ्यातली दोरी सोडून माझ्या हातात दिली, स्वतःच्या हाताने.
अ‍ॅलनने हात पुढे केला. मी किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने ती खिशात घातली नाही, तशीच धरून उभा आहे.
बार्लीच्या कडेला, खाल्लेल्या पट्ट्यात, चार ससे बसलेत. वावराच्या मध्ये मातीचं एक ढेकूळ आहे, ते ढेकूळ आहे की हेअर ते इथून ओळखू येत नाही. प्रा.च्या शेजारी, मोकळ्या पुसणीने एक पाय उचललाय.
प्रा. हाक मारतेय. जाते.